बिनमडगार्डची गाडी

मिलला टाळं लागलं आणि मालकांची जुनी रेसची गाडी विकायला निघाली. एकट्यापुरती सीट, उघडी चाकं, मडगार्ड नावालाही नाही. चाळीस वर्षं ती टायर काढून विटांवर ठेवलेली. तरी ती धुवायला मिलचे फिटर चिंतामणराव रोज सकाळी गोडाऊन उघडत, तेव्हा सीटवर ताजा, नाल्यातल्यासारखा सडका चिखल उडालेला असे.

“छी यार! कालच तर धुतली होती, फिर तीच गंदगी!”

चिंतामणराव चिडून ओरडले. आज गाडीला हातही न लावता ते सायकलवरून घरी निघाले. वाटेत लोक वळून बघत होते.

दार उघडताच शालिनीबाई मागे सरल्या. “अहो, हे काय तोंड!”

आरशात तोंडभर तोच चिखल होता. ते थुंकले, तर दातांखाली वाळू कचकचली. डोळ्यांभोवती तेवढे दोन गोल स्वच्छ होते, नुकताच रेसचा चष्मा काढल्यासारखे.