तुमचावाला, आमचावाला

मोताळ्याच्या नामांकित बँडात कचरू सॅक्सोफोन वाजवायचा आणि फावल्या वेळात एकट्याच्या नावानंही सुपाऱ्या घ्यायचा. बँडमालक माणिकराव मास्तरांनी त्याला एकदाच बजावलं होतं, "वरात अर्ध्यात सोडून गेला, त पुन्हा माह्या बँडात पाय ठेवू नोको बे!"

आणि नेमकं एकाच लग्नाचं बोलावणं दोन्हीकडून आलं. नवऱ्याकडच्यांनी बँड ठरवला, नवरीकडच्यांनी मांडवात स्वागताला एकटा कचरू. हा दोघांनाही हो म्हणून बसला.

वरात गावाजवळ येताच तो हळूच मागे सरकला, वावरातून पळत सुटला, बँडाचा लाल कोट काढून डोक्याला फेटा गुंडाळला आणि मांडवाच्या दारात उभा राहून सॅक्सोफोन असा वाजवला, की मांडवापाशी पोचलेली अख्खी वरात ऐकत थांबली. मास्तरांनी मात्र त्याला पहिल्या फुंकेलाच ओळखलं. कचरू मान खाली घालून धापा टाकत राहिला.

बँडात सॅक्सोफोनवाला दिसेना, तसे नवरीचे वडील इंद्रभानजी मिशीवर ताव देत म्हणाले, "काहो मास्तर, आमच्यावाल्याले ऐकून तुमचावाला पळाला वाट्टे!"

मास्तर कचरूकडे रोखून पाहत म्हणाले, "पळू द्या त्याले. उद्यापासून मी तुमच्यावाल्यालेच ठेवतो."