जाळ्याचा वाटा

बाबा गेल्यावर रसिकाने मालवणचं घर मोकळं करायला घेतलं. डबे, गोधड्या, पितळेच्या घागरी ज्याला हव्या त्याने नेल्या. मोकळ्या ओटीवर वारा खेळू लागला, तसं तिलाही हलकं वाटलं. माळ्यावरचं बाबांचं जाळं मात्र तिच्या हातून सुटेना. शेजारचे सुदेशकाका म्हणाले, "गो बाय, हंय तां कुसतला. रापणीक जोडूया." तिने दिलं, आणि ते गावाच्या सामायिक मोठ्या जाळ्याला, रापणीला, जोडलं गेलं. दुसऱ्या सकाळी किनाऱ्यावर सगळ्यांनी मिळून रापण ओढली, बांगड्यांचे वाटे पडले. काका जाळेवाल्यांची नावं पुकारत होते. "बाबली कुबल." रसिका दचकली. "काका, बाबा नाहीत आता." "माका म्हायत नाय काय गो? पण वाटो जाळ्याक असता. जाळां दर्यात जाता तवसर त्याचां नाव घेवचांच लागतला." महिनाभर तिच्यासमोर कुणी ते नाव उच्चारलं नव्हतं. काकांनी पुन्हा हाक मारली. वाळूत उभ्या रसिकाने ओ दिली.