काखेपर्यंत हात

अमेरिकेतल्या लढाईनं वऱ्हाडचा कापूस महागला, तसा अकोटच्या छोगमल शेटचा संशयही वाढला. वजनासाठी लोक कापसात दगड लपवतात, म्हणून तो प्रत्येक गाडीत काखेपर्यंत हात घालून बघे.

"हात नका घालू, शेटजी," पुढच्या गाडीचा नत्थुजी म्हणाला. "रस्त्यात गाडीत उदमांजर घुसलं हाये."

"काहून रे, दगडाले मांजर म्हणून राहिला काय?" शेटनं हात खुपसला.

मांजरानं कोपराच्या खळग्यात दात रोवले.

शेट हाताला फडकं बांधून परत वजनकाट्याजवळ बसला. मागच्या गाडीचा सूर्यभान नम्रपणे म्हणाला, "शेटजी, माह्याबी गाडीत मांजर हाये."

शेटनं हात आवरला.

मग सगळ्याच गाड्यांत मांजरं निघाली.



शेवटच्या गाडीतली तर इतकी जड होती, की काट्यापर्यंत येता येता बैल बसले.