नव्या मॉडेलचा रिव्ह्यू

उन्मेषचा दहावा. बाणगंगेवर पिंड ठेवून तास झाला तरी कावळा शिवेना. "नूपुरचं शिक्षण मी पूर्ण करीन रे. बहिणीची काळजी नको करू," काका, म्हणजे त्याचे बाबा, हात जोडून म्हणाले. भिंतीवरचे कावळे हलले नाहीत. गुरुजी घड्याळ बघू लागले.

शेवटी काका माझ्याकडे वळले. "वरद, फणसवाडीच्या खोलीत बसून तुम्ही दोघं त्या गेमच्या कन्सोलचे व्हिडिओ करायचात. त्यातलं त्याचं काही राहिलं असेल, तर तूच सांग त्याला."

राहिलं होतं. नवं, बारीक केलेलं मॉडेल तो गेला त्याच दिवशी माझ्या घरी आलं होतं. मी पिंडाजवळ जाऊन वाकलो.

"उन्म्या, ऐक. थोडं हलकं आहे, पंख्याचा आवाज कमी येतो, बस. डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागतो. आपलं जुनंच भारी. काही मिस नाही केलंस तू."

कावळा झेपावला. काका माझा खांदा धरून रडायला लागले.

स्वतः खेळून बघितल्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही, हा आमच्या चॅनलवर उन्मेषचा नियम होता. खोक्याचं सील मी अजून फोडलंच नव्हतं.