कप्पीचं माहेर

“कप्पीला तेल घालत जा गो बाय, कोरडी कप्पी शीड अडवते,” बाबा सांगायचे. ते जयगडच्या गलबताचे तांडेल, सुकाणू त्यांच्या हाती. शीड भरलं की खाडी थांबून बघायची. इंजिनाच्या होड्या आल्या, गलबत चिखलात रुतलं. बाबा फक्त लाकडी कप्पी घेऊन राहुरीला माझ्याकडे आले. यांनी ती विहिरीवर बसवली. “हिलाही देशावर दिलीत!” बाबा हसले, पण डोळे भरले. “गलबत मोडतील तेव्हा तिला माहेरी पोचवीन,” मी शब्द दिला. बाबा गेले, विहिरीवर मोटर आली. तरी समईतलं उरलेलं तेल रोज कप्पीला घालते. आज जयगडहून दादाचा फोन आला, “उद्या गलबत मोडणार.” हे म्हणाले, “अगं, एकादशीच्या उपासावर कोकणात? नाही गेलीस तर कोण विचारणार?” “बाबा.” कप्पी विहिरीवरून काढली, पदराने पुसली, फिरवली. कुठेच अडली नाही. पिशवीत ठेवून मी स्टँडकडे निघाले.