एका चुलीची माणसं

आडवाटेनं आलेल्या हेगडे मास्तरांचा अंगठा परसातल्या तीन दगडांवर असा ठेचकाळला, की जनगणनेच्या कागदांचा गठ्ठा थेट राखेत पडला. राख अजून कोमट होती. "वाटेत कसले दगड मांडून ठेवता रे?" मास्तर कळवळून ओरडले. म्हातारी गणपी लगबगीनं आली. तिनं आधी राखेतल्या दोन भाजक्या आठळ्या उचलून पदराखाली घेतल्या, मग कागद झटकले आणि मास्तरांना ओसरीवर बसवलं.

यल्लापूरच्या जंगलातल्या सिद्दी वाडीचं हे शेवटचं घर. मास्तरांना पाचची बस गाठायची होती, आणि या घरात ती गाठू देण्याचा कुणाचा विचार दिसत नव्हता.

"धर्म मुसलमान, भाषा उर्दू," गणपीचा थोरला मुलगा इमाम म्हणाला. तो बापाच्या वळणावर गेलेला.

"मी क्रिस्तांव. माझी कोंकणी लिहा," धाकटा जुजे म्हणाला. त्याचं लग्न चर्चमध्ये लागलं होतं.

"मी हिंदू," गणपी म्हणाली. "माहेरून आणलं तेच. भाषा तुमची कानडी लिहा, आम्हांला चालतंय."

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. एका छपराखाली तीन धर्म! आणि तिघं मिळून ज्या सिद्दी बोलीत त्यांचं डोकं खात होते, तिचं नाव एकानंही घेतलं नव्हतं. बरं, या धर्मांवरून नि भाषांवरून त्या घरात कधी कुणी ब्र काढलेला नाही. भांडण पेटलं ते दोन वर्षांपूर्वी, दारच्या फणसावरून. घराच्या मधोमध कूड उभा राहिला. चुली वेगळ्या झाल्या, भावांचं बोलणं बंद झालं.

"चुली दोन, म्हणजे कुटुंबं दोन," मास्तर वैतागून म्हणाले. "नियम अगदी सोपा आहे. एका चुलीवर जेवतात ती एका कुटुंबाची माणसं. अज्जीला कुणाकडे लिहू?"

"जुजेकडे. तिथंच जेवते ती," इमाम म्हणाला.

"माझ्याकडे? मास्तर, हा थापा मारतोय! रोज विचारतो तिला. म्हणते, इमामकडे जेवून आले."

"आणि आम्हांला सांगते, जुजेकडे झालं!"

मास्तरांचं टाळकं सरकलं. "आई आहे का चेंडू? माणूस दोन वेळा मोजता येत नाही, आणि सोडताही येत नाही! अज्जी, तुम्हीच बोला. कुणाच्या चुलीवर जेवता?"

गणपीनं पदर घट्ट धरला. दोन वर्षांत पहिल्यांदाच दोघं भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

"मला मुलगे दोन," ती म्हणाली. "एकाकडे जेवायला बसले, तर दुसरा माझा राहील का?"

"ते सगळं खरं हो! पण कागदावर चूल कुठली लिहू?"

"तिसरी लिहा," गणपी फणकारली. "मघाशी अंगठा फुटला ना तुमचा? तीच."