तारांचं अंगण

टेपचं टोक खळ्याच्या कडेला टेकलं, तशी गिरजाबाई हातातला वालाचा भारा टाकून तडक उठली.

"कोन मोजतंय रं?"

टेप धरून उभे होते ते रोह्याचे गोविंद सर. म्हणाले, "मावशी, शाळेपुढची जागा उतरती आहे, म्हणून तुमचं खळं बघतोय. उद्या एक दिवस इथं तारांगण उभं करायचंय."

गिरजाबाईला ऐकू आलं, तारांचं अंगण! चार वर्षांमागं असाच एक टेपवाला आला होता, "नुसती मोजणी आहे बाई," म्हणत. आज तिच्या भाताच्या खाचरात टॉवरचे चार पाय रोवलेले होते आणि डोक्यावरून तारा गुणगुणत खांब गावाच्या दिशेनं गेल्या होत्या. "आता त्या तारांना अंगन बी पायजे?" तिनं विचारलं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी.

"तारा नव्हेत हो, तारे! आभाळातले," सर हसत म्हणाले. "रबरी तंबू फुगवायचा, आत काळोख. दिवसाढवळ्या तारे दाखवतो तुम्हाला."

"ते टॉवरवाल्यांनी दाखवलेत आमाला."

सून शांती मध्ये पडली, तेव्हा कुठे म्हातारी कबूल झाली. पण खुंटी ठोकायची नाही, कागदावर अंगठा मागायचा नाही. सर गेल्यावर तिनं आंब्याच्या बुंध्यापासून बांधापर्यंत खळं पावलांनी मोजून ठेवलं. बत्तीस भरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तंबू भाकरीसारखा टम्म फुगला. सगळं गाव आत दाटलं. गिरजाबाई दाराशी बसली, बाहेरची जमीन हाताला लागेल अशी.

सर बोलायला लागले की हशा पिकायचा. "कृष्णविवर म्हणजे माझ्या मेव्हण्याचं घर. आत गेलेली वस्तू परत येत नाही. उजेडसुद्धा नाही!" लोक लोळायचे बाकी राहिले. गिरजाबाई हसली नाही. गोड बोलणारा माणूस नेमकं काय नेतो, ते तिला ठाऊक होतं.

"आणि गंमत बघा," सर म्हणाले, "हे विश्व सारखं पसरतंय."

"कुनाच्या जागंत?"

सर दाराकडे वळले.

"कुणाच्याच नाही, मावशी. मधली जागाच वाढत जाते."

"टेप लावल्यावर वाढलेली जागा मी नाय बगितली कदी."

संध्याकाळी तंबूतली हवा सोडली, घडी टेम्पोत गेली. गिरजाबाईनं आंब्याच्या बुंध्याला टाच लावली आणि निघाली. बांधाशी पोचली, तिथं थबकली. वळून बांधाकडून पुन्हा मोजत आली. सर टेम्पोत चढता चढता थांबले.

"काय मावशी, वाढली का?"

"नाय." ती बुंध्याला टेकली. दोन दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला. "पन कमी बी नाय झाली. मोजनी होऊन बी जाग्यावर ऱ्हायलेली ही पयलीच जागा."